नोंदवही ते संमतीपत्र : वंचित समूहांची आरोग्य सर्वेक्षणे आणि गोपनीयतेचा इतिहास (१८६८ ते २०१८)

गोषवारा

भारतातील वंचित समूहांच्या आरोग्याची माहिती शासन व संशोधक गेली दीडशेहून अधिक वर्षे गोळा करीत आले आहेत. या प्रयत्नांचा आरंभ सक्तीच्या नोंदणीतून झाला. संमती आणि गोपनीयता ही तत्त्वे त्यात फार उशिरा आली आणि तीही अनेकांनी हानी सोसल्यानंतर. प्रस्तुत लेखात १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यापासून २०१८ मध्ये अंमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यापर्यंतच्या निवडक टप्प्यांचा आढावा घेतला आहे. गोपनीयता ही सर्वेक्षणाची केवळ तांत्रिक अट नसून आकड्यांच्या विश्वासार्हतेचा तो पाया आहे, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजशब्द : आरोग्य सर्वेक्षण, वंचित समूह, गोपनीयता, संमती, एचआयव्ही-एड्स, सार्वजनिक आरोग्याचा इतिहास.

प्रस्तावना

सर्वेक्षण म्हटले की प्रथम आकडे डोळ्यांपुढे येतात. परंतु प्रत्येक आकड्यामागे एक प्रसंग असतो. कोणी तरी प्रश्न विचारलेला असतो आणि कोणी तरी उत्तर दिलेले असते. उत्तर देणारी व्यक्ती समाजाच्या मध्यवर्ती वर्गातील असेल, तर उत्तर देण्यात तिला विशेष धोका नसतो. मात्र देहविक्रय करणारी स्त्री, तृतीयपंथी व्यक्ती, समलिंगी पुरुष किंवा अमली पदार्थ टोचून घेणारा तरुण यांच्यासमोर प्रश्नावली येते, तेव्हा त्यांच्या मनात आधी वेगळाच प्रश्न उभा राहतो. ‘हे उत्तर कोणाच्या हाती जाणार?’ हा तो प्रश्न होय. घर सुटणे, काम जाणे, पोलिसांचा ससेमिरा लागणे, गावात बभ्रा होणे अशा परिणामांची भीती त्यामागे असते. ही भीती काल्पनिक नाही. तिला इतिहासाचा आधार आहे आणि म्हणूनच हा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

येथे दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. ज्या सर्वेक्षणात माहिती देणाऱ्याची ओळख संशोधकाला ठाऊक असते, पण ती इतरांपुढे उघड केली जात नाही, ते गोपनीय सर्वेक्षण होय. ज्यात ओळख मुळात नोंदवलीच जात नाही, ते निनावी सर्वेक्षण होय. पहिल्यात विश्वास संशोधकाच्या शब्दावर असतो, तर दुसऱ्यात तो कार्यपद्धतीवर असतो. भारतीय अनुभवात या दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या असून त्यांचे गुणदोषही दिसून आले आहेत.

१. वसाहतकालीन नोंदवही

वंचित समूहांच्या शरीराची शासकीय नोंद ठेवण्याचा भारतातील एक मोठा प्रयत्न म्हणजे १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा होय. ब्रिटिश सैनिकांमधील गुप्तरोगांच्या प्रसाराला आळा घालणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. लष्करी छावण्यांपुरती अशी व्यवस्था १८६४ च्या छावणी कायद्याने आधीच सुरू झाली होती. १८६८ च्या कायद्याने ती शहरांपर्यंत नेली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी आपले नाव नोंदवणे, ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीस हजर राहणे आणि रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात दाखल होणे बंधनकारक करण्यात आले. ज्या पुरुषांकडून रोग पसरत होता, त्यांना मात्र अशी सक्ती नव्हती.

मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये स्थगित झाला, १८८० मध्ये पुन्हा अंमलात आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. ही धरसोड पुरेशी बोलकी आहे. तपासणीची पद्धत अपमानास्पद होती आणि नोंदवहीत एकदा नाव चढले की ते पुसणे सोपे नव्हते. त्यामुळे अनेक स्त्रियांनी नोंदणी टाळली, काहींनी राहण्याची जागा बदलली, तर काहींनी शहर सोडले. परिणामी नोंदवहीत जी संख्या दिसत होती, ती रोगाची किंवा व्यवसायाची खरी संख्या नव्हती. ज्यांना पळता आले नाही, त्यांचीच ती संख्या होती. सक्ती जितकी वाढली, तितकी माहिती अपुरी होत गेली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. या भागान्वये विशिष्ट गुन्ह्यांचा संशय असलेल्या हिजड्यांची नावे, पत्ते व मालमत्ता यांची नोंद ठेवण्याची तरतूद करण्यात आली. त्या गुन्ह्यांत भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालील गुन्ह्याचाही समावेश होता. हा कायदा आरोग्यविषयक नव्हता. तथापि, ‘शासनाच्या वहीत नाव जाणे म्हणजे संशयिताच्या यादीत जाणे’ हे समीकरण या समूहांच्या अनुभवात त्यामुळे पक्के झाले.

प्लेगच्या साथीने हाच अनुभव सर्वसामान्य जनतेपर्यंत पोहोचवला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. घरोघरी झडती, रुग्णांना बळजबरीने हलवणे, सामानाची जाळपोळ अशा उपायांमुळे लोकांनी आजारी माणसे लपवण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यातील झडतीसत्राविरुद्धचा संताप २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर केलेल्या हल्ल्यापर्यंत पोहोचला. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात या घटनेची चर्चा विपुल झाली आहे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहता तिचा आणखी एक अर्थ निघतो. घरातील आजार ही कुटुंबाची अत्यंत खाजगी बाब आहे, ही जाणीव डावलून केलेली पाहणी रोगाची माहिती देत नाही, उलट रोग दडवण्यास प्रवृत्त करते.

२. स्वातंत्र्योत्तर काळातील कायदेशीर हमी

माहिती देणाऱ्याला संरक्षण असले पाहिजे, हे तत्त्व स्वतंत्र भारताने १९४८ च्या जनगणना कायद्यात स्वीकारले. या कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेची वैयक्तिक कागदपत्रे कोणालाही पाहता येत नाहीत आणि जनगणना कायद्याखालील खटले वगळता ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाहीत. याच कायद्यात आणखी एक सूक्ष्म तरतूद आढळते. घरातील स्त्रीचे नाव सांगण्याचे बंधन कोणावर नाही आणि रूढीनुसार पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रीला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. उखाण्यातच पतीचे नाव घेणाऱ्या समाजाला या तरतुदीचे मर्म सहज कळेल. माहिती देणाऱ्याच्या संकोचाला कायद्याने मान दिल्याचे हे उदाहरण होय.

परंतु ही हमी जनगणनेपुरती होती. वैद्यकीय संशोधनातील सहभागींसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये नैतिक विचारांविषयीचे धोरणनिवेदन प्रसिद्ध केले आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. या दोन वर्षांच्या दरम्यान देशात एचआयव्हीचा शिरकाव झाला आणि गोपनीयतेचा प्रश्न जीवन-मरणाचा बनला.

३. १९८६ : मद्रासमधील रक्तनमुने

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. मद्रास मेडिकल कॉलेजमधील डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि त्यांची तपासणी वेल्लोर येथे झाली. या संशोधनामुळे रक्तपेढ्यांची तपासणी व जनजागृती यांचा पाया घातला गेला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि, ज्या स्त्रियांचे रक्त घेण्यात आले, त्यांतील अनेक जणी शासकीय निगराणीगृहात ठेवलेल्या होत्या. कोंडलेल्या व्यक्तीच्या होकाराला संमती म्हणता येईल काय, हा प्रश्न त्या काळात फारसा विचारला गेला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या लॉक हॉस्पिटलप्रमाणे येथेही तपासणीसाठी तोच समूह निवडला गेला, ज्याला नकार देणे सर्वांत कठीण होते.

४. १९८९ : दोन घटना

१९८९ या वर्षाच्या आरंभी महाराष्ट्रात व गोव्यात दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी थेट संबंध नाही, परंतु त्या शेजारी ठेवून पाहिल्यास गोपनीयतेचे मोल स्पष्ट होते.

पहिली घटना गोव्यातील आहे. १९८५ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्यात पुढे दुरुस्ती करून एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. रक्तदानातून त्याच्या रक्तात विषाणू असल्याचे आढळले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने मात्र विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने पुढे बाधित व्यक्तींसाठी संघटनेचे काम उभारले आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. परोपकाराच्या भावनेने रक्त देणाऱ्या माणसाची चाचणी त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरली. अशा वातावरणात दुसरा कोणता तरुण स्वेच्छेने चाचणीस पुढे आला असता?

दुसरी घटना गडचिरोलीतील आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यात नोंदवली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि प्रत्येक स्त्रीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ इतकी होती. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. याआधी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

या आकड्यांचा अर्थ रोगांच्या प्रमाणापुरता मर्यादित नाही. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातील दुखणे या गोष्टी ग्रामीण स्त्री सासूलाही मोकळेपणाने सांगत नव्हती. दवाखान्यात पुरुष डॉक्टर आणि भोवती ओळखीची गर्दी असताना तर नाहीच नाही. म्हणूनच शासकीय आरोग्यव्यवस्थेला स्त्रीचे आरोग्य गर्भारपण व कुटुंबनियोजन यांपलीकडे दिसत नव्हते. जे दुखणे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही, ते कागदावर अस्तित्वातच नव्हते. तपासणारी डॉक्टर स्त्री असणे, तिने स्त्रियांच्याच भाषेत बोलणे आणि पाहणीनंतरही संस्थेने त्याच परिसरात उपचारांचे काम चालू ठेवणे, या बाबींमुळे हे दडलेले दुखणे उजेडात आले. गोव्यात ओळख उघड झाल्याने माणूस कोंडला गेला आणि गडचिरोलीत विश्वास मिळाल्याने दुखणे बोलके झाले, असा या दोन घटनांचा सारांश सांगता येईल.

५. समूहांचा सहभाग आणि कायद्याची तलवार

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) स्थापन झाली. त्याच वर्षी कोलकात्यातील सोनागाची वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने पाहणी व प्रतिबंधाचे काम सुरू झाले. वस्तीतील स्त्रियांनाच कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण देणे हे या कामाचे वैशिष्ट्य होते. १९९५ मध्ये तेथे ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली. महाराष्ट्रात सांगली येथे ‘संग्राम’ ही संस्था याच सुमारास कामाला लागली आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. मुंबईत समलिंगी पुरुषांमध्ये १९९४ पासून ‘हमसफर ट्रस्ट’ काम करू लागला. या प्रयत्नांमुळे प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्यातील अंतर कमी झाले. ‘आमच्याविषयीची माहिती कशासाठी हवी आणि तिचे पुढे काय होणार?’ हे विचारण्याचे बळ या समूहांना आले.

मात्र कायदा बदललेला नव्हता. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी कलम ३७७ च्या आधारे अटक केली. त्यांना ४७ दिवस तुरुंगात राहावे लागले. आरोग्याची माहिती देणेघेणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले. २००६ मध्ये खुद्द नाकोने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन या कलमामुळे प्रतिबंधाच्या कामात अडथळा येतो, असे सांगितले. शासनाचा एक विभाग ज्यांना शोधून उपचार देऊ पाहत होता, त्यांनाच शासनाचा दुसरा विभाग गुन्हेगार मानत होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीने होणारे संबंध या कलमातून वगळले.

६. निनावी चाचणी : लाभ आणि उणीव

१९९८ पासून देशात दरवर्षी ठरावीक केंद्रांवर एचआयव्हीचे सेंटिनल सर्वेक्षण नियमितपणे होऊ लागले. प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत अन्य चाचणीसाठी घेतलेल्या रक्ताचा उरलेला अंश नाव-पत्ता काढून टाकून तपासला जाई. या पद्धतीत कोणाचीही ओळख उघड होण्याचा धोका नव्हता. परंतु जिचे रक्त तपासले, तिला निकालही कळत नव्हता. पूर्ण निनावीपणामुळे व्यक्ती सुरक्षित राहिली, पण उपचारापासून दूरही राहिली. संशोधनाच्या नैतिकतेतील हा कठीण पेच होय.

२००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची संमती घेऊन त्यांची एचआयव्ही चाचणी करण्यात आली. नमुने नावाशी जोडलेले नव्हते. मात्र सहभागींना समुपदेशन व चाचणी केंद्राकडे जाण्यासाठी चिठ्ठी देण्यात येई, म्हणजे ज्याला स्वतःचा निकाल हवा त्याला तो स्वतंत्रपणे मिळवता येत असे. या पाहणीत आढळलेले ०.२८ टक्के हे प्रमाण आणि सेंटिनल केंद्रांची वाढलेली संख्या यांच्या आधारे २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला. लाखभर सामान्य माणसांनी दिलेल्या रक्ताच्या थेंबांनी राष्ट्राचा आकडा निम्म्यावर आणला. त्याच पाहणीत नागालँडमध्ये स्थानिक विरोधामुळे एचआयव्ही चाचणी करता आली नाही, ही नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. नकार हेदेखील एक उत्तर असते.

जवळपास याच काळात, २००५ ते २००७ या वर्षांत, आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, तामिळनाडू, मणिपूर व नागालँड या सहा राज्यांत अधिक जोखमीच्या समूहांची एकत्रित वर्तनविषयक व जैविक पाहणी झाली. तिच्या कामात पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा (नारी) प्रमुख वाटा होता. या पाहणीत समूहांच्या प्रतिनिधींची सल्लागार मंडळे नेमण्यात आली आणि सहभागींची ओळख नावाऐवजी क्रमांकाने ठेवण्यात आली. काही ठिकाणी सहभागींमार्फतच पुढील सहभागी मिळवण्याची पद्धत वापरली गेली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एक सहभागी आपल्या ओळखीच्यांना कूपन देतो. ज्याला यायचे तो येतो, न येणाऱ्याचे नाव संशोधकाला कळतही नाही. १८७० च्या मुंबईतील नोंदवहीशी या कूपनाची तुलना केली असता बदललेल्या दृष्टीचे दर्शन घडते. घरगुती पाहणीत ज्या नागालँडमध्ये चाचणी थांबली, तेथेच अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या व्यक्ती या दुसऱ्या पाहणीत सहभागी झाल्या, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

७. गोपनीयतेला कायद्याचे रूप

२०१७ मध्ये दोन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करण्यास व बाधित व्यक्तीची स्थिती उघड करण्यास या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. निनावी सर्वेक्षणातील चाचणीसाठी संमतीची अट शिथिल करण्यात आली असली, तरी सर्वेक्षणाचा हेतू सहभागींना सांगणे बंधनकारक आहे. डॉमिनिक डिसोझाच्या अटकेनंतर येथवर येण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. नाव लपवल्याने व्यक्तीचे रक्षण होते, समूहाचे होतेच असे नाही. ‘अमुक वस्तीत अमुक टक्के रोगी’ असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की त्या वस्तीतील प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते. घरमालक खोली नाकारतो, दुकानदार हातात पैसे घेत नाही. त्यामुळे माहिती गोळा करतानाची गोपनीयता जितकी महत्त्वाची, तितकाच निष्कर्ष मांडतानाचा संयमही महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली, सक्तीच्या नोंदणीतून वंचित समूहांच्या आरोग्याचे खरे चित्र कधीही मिळाले नाही. १८७० ची मुंबई, १८९७ चे पुणे आणि १९८९ चा गोवा या तिन्ही ठिकाणी सक्तीने भीती वाढवली आणि भीतीने माहिती दडवली.

दुसरी, जेथे विचारणाऱ्याविषयी विश्वास होता, तेथे समाजाने शतकानुशतके न बोललेली दुखणीही सांगितली गेली. गडचिरोलीची पाहणी हे याचे ठळक उदाहरण होय.

तिसरी, गोपनीयता म्हणजे सहभागीला विसरून जाणे नव्हे. ज्याने उत्तर दिले, त्याला निकाल, उपचार व निष्कर्ष यांचा लाभ पोहोचण्याची वाट मोकळी ठेवणे हा गोपनीयतेचाच भाग मानला पाहिजे.

महाविद्यालयीन स्तरावर समाजशास्त्र, गृहविज्ञान, समाजकार्य आदी विषयांचे विद्यार्थी तसेच राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वस्त्यांमध्ये प्रश्नावल्या घेऊन जातात. अशा प्रश्नावलीतील पहिला रकाना बहुधा नावाचा असतो. तो रकाना खरोखर आवश्यक आहे काय, भरलेले अर्ज कोठे ठेवले जाणार, काम संपल्यावर त्यांचे काय होणार आणि ‘मला सांगायचे नाही’ असे म्हणणाऱ्याला तसे म्हणण्याची मुभा आहे काय, हे प्रश्न मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवण्यापूर्वी विचारणे अगत्याचे आहे. दीडशे वर्षांच्या या इतिहासात ज्यांची नावे त्यांच्या इच्छेविरुद्ध लिहिली गेली, त्यांचे ऋण फेडण्याचा तो एक साधा मार्ग ठरेल.